माती खंय पेटता

लोखंडी नळी जमिनीतून वर आली, ती गरम होती.

मी हात मागे घेतला आणि पुन्हा लावून पाहिला. चटका बसेल अशी नव्हे. चहा ओतून ठेवलेली किटली थोड्या वेळानं लागते, तशी. सकाळची वेळ होती. राईत अजून ऊन उतरलं नव्हतं. आणि या नळीतून आजवर जे जे वर आलं होतं ते सगळं गारच होतं, विहिरीच्या तळातून काढल्यासारखं.

"बावतीस, हात लावून बघा जरा."

बावतीस फर्नांडिस सावंतवाडीचा. नळी ठोकायची, फिरवायची, ओढून काढायची ही त्याची कामं. नमुने कापून पिशव्यांत भरायचे हे माझं. त्यानं हात लावला आणि हसला. "तुमचेच हात थंड आसत, ताई. चेडवान रात्री झोपाक देवक नाय वाटता."

"बरं, वास घ्या."

त्यानं नळीच्या तोंडाशी नाक नेलं, आणि त्याचं हसू गेलं. "चुलीतल्या राखेसारखो येता."

मी भोकात वाकून पाहिलं नाही. मी झाडांमधून वर पाहिलं, जिथे आम्ही उतरलो होतो त्या शेवंतीकाकींच्या घराची कौलं दिसत होती. त्या घरात माझी लेक मनवा होती.

मनवा तेव्हा नुकतीच चालायला लागली होती. चालायला म्हणजे सुटायलाच. पाऊल टाकता येतं हे कळल्यापासून ती उभी अशी राहतच नव्हती. अजून अंगावर पीत होती, म्हणून तिला बरोबर घेऊन मी या कामावर आले होते. बाळंतपणानंतरचं माझं पहिलं काम. सासूबाई म्हणाल्या होत्या, "माती मोजायला रानात जायचं नि लेकरू काखोटीला मारायचं? मिरजेत काय माती नाही?" नवरा पुण्यात, त्याच्याशी बोलायचं तर घरामागच्या फणसाखाली उभं राहावं लागे, तिथेच काय ती रेंज. घाबरणं हीच माझी तेव्हाची खरी नोकरी होती म्हणा ना. विहिरीला कठडा आहे का, गोठ्यात फुरसं असेल का, ताप चढला तर दवाखाना किती लांब, अंगणात वाळत घातलेल्या कोकमाची बी हिनं घशात घातली तर काय. रात्री ती झोपली की मी तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघत असे. अशा माझ्या यादीत सगळं होतं. जमीन नव्हती. जमिनीला कोण घाबरतं?

हुमरखोलची ती राई देवाची. डोंगराच्या पायथ्याशी झरे फुटतात, त्यांचं पाणी साचून दलदल झालेली, आणि तिच्यात रानजायफळाची उंच झाडं उभी. त्यांची मुळं चिखलातून वर आलेली, पाण्यात बसलेल्या माणसानं गुडघे वर काढावेत तशी. तिथली फांदी कुणी तोडत नाही, पाचोळासुद्धा उचलत नाही. पडलेलं पान पाण्यात बुडतं, आणि पाण्याखाली हवा नाही म्हणून धड कुजतही नाही. पानावर पान, मुळावर मूळ, असं शेकडो वर्षं. त्याची काळी, हलकी, स्पंजासारखी माती होते. पीट म्हणतात तिला. झाडांनी हवेतून ओढलेला कार्बन तिथे जणू पुरून ठेवलेला असतो. तो नेमका किती आहे, आणि पाऊस असाच हुलकावण्या देत राहिला तर त्यातला किती टिकेल, हे आमच्या तारकुंडे मॅडमना काढायचं होतं. त्या प्रयोगशाळेत, आम्ही दोघं चिखलात. राईभर बांबूच्या काठ्या रोवून त्यांना लाल चिंध्या बांधल्या होत्या. प्रत्येक काठीपाशी नळी खाली सोडायची, ती कातळावर टेकेपर्यंत काळी माती किती खोल आहे ते बघायचं, आणि तिचे काप घेऊन यायचे. मग ते काप मॅडम वाळवायच्या, भट्टीत जाळायच्या, आणि जाळून किती वजन उडालं त्यावरून कार्बनचा अंदाज बांधायच्या.

काकींना हे काही केल्या पटत नसे. "किती कार्बन तां मोजून काय करतलास गो? सोना असा काय पुरलेला?"

"सोनं नाही, काकी. कोळसाच म्हणा, पण न जळलेला."

"मगे काढून इकतलास?"

"काढायचा नाही. तिथेच राहायला हवा तो."

"राहूचो असा तर असांदे थंय. त्येका कित्याक टोचून बघतास?"

आतून भिकाजीकाका म्हणायचे, "कणगीत भात किती उरला तां तू बघतंस मा? तसाच तां." काका म्हणजे काकींचे यजमान, गवसांच्या घरातले मोठे, राईचे मानकरी; आम्हाला राईत पाय ठेवू द्यायचा की नाही, याचा कौल देवाला त्यांनीच लावला होता. देवानं होकार दिला. काकींनी अजून दिला नव्हता.

त्या सकाळी मी नळी तिथेच टाकून घराकडे निघाले. निघाले कसली, पळाले. मनवा पडवीत होती, मुठीत भाताची शितं, आणि समोर कोंबडीची पिल्लं. मी तिला उचलून घेतलं तशी ती अंग टाकून देत रडायला लागली, कारण मी तिच्या आणि पिल्लांच्या मध्ये आले होते.

"काय झाला गो?" काकी कोकमं पालथी करत होत्या. "वाघ बघितल्यासारखी इलंस ती."

"काकी, राईच्या कडेची जमीन खालून तापलीये. हिला खाली जाऊ देऊ नका. अगदी परसदाराच्या पलीकडेसुद्धा नको."

"माती तापली?" भिकाजीकाका बाहेर आले, कानात खोचलेली विडी काढत. "चैत म्हयनो तो. तापतली नाय तर काय?"

"वरून नाही, काका. खालून. जळतेय असं वाटतंय."

काका मनापासून हसले. "माती खंय पेटता? पेटली आसती तर चुलीखालची जमीन कवाच पेटली नसती?"

मला हसता आलं नाही. मी विचारलं, "राईला लागून तुमचा कोपरा आहे ना, तिथली भाजावळ पूर्ण विझली होती?" भाताची रोपं करायची जागा तिथे दर वर्षी पालापाचोळा पसरून भाजून घेतात. आम्ही आलो त्या आठवड्यात ती झाली होती. धूर मी पाहिला होता.

"पुरती इझली. आणि इझली नसली तरी काय? निखाऱ्यार माती ओढूची ही आमची पद्धत. बापाशीपासून. तशी ओढलंय."

"कुठली माती?"

"तुमचीच की. तुमी कडेक खड्डो मारलास, ढीग घातलास, तोच. भुसभुशीत, सुकी, फावडो लावूक नको. आमची माती दगडासारखी, कोण खणता?"

मातीचे थर बघायला आम्ही राईच्या कडेला एक खड्डा घेतला होता. त्यातून निघालेली काळी माती ढीग होऊन उन्हात वाळत पडली होती. दोन वर्षं पाऊस कमी, त्यात वरच्या अंगाला नवी पोफळीची बाग, तिच्या पाटात झऱ्याचं निम्मं पाणी वळलेलं. त्यामुळे राईची ती कड तशीही कोरडी पडलेली. काकांच्या घराण्यात कुणीच कधी त्या मातीला हात लावला नव्हता, देवाची म्हणून. ढीग आम्ही बाहेर काढून ठेवला म्हणून ती त्यांना मोकळी वाटली. त्यांनी निखाऱ्यांवर माती ओढली होती. खरं म्हणजे त्यांनी निखाऱ्यांवर सरपण पांघरलं होतं.

मी हे सांगितलं तेव्हा काकांची विडी हातातच राहिली. त्यांनी खुंटीवरचा कोयता काढला आणि म्हणाले, "चल, बघूया."

मनवाला काकींच्या कडेवर दिलं. तिच्या पायातल्या वाळ्यांना बारीक घुंगरं होती, ती लाथा झाडत होती तशी वाजत होती. काकी म्हणाल्या, "जा गो, मी असंय मा." मी जाताना दोनदा मागे वळून पाहिलं.

काका, बावतीस आणि मी भाजावळीच्या कोपऱ्यात उभे राहिलो. मला वाटलं होतं, धूर असेल. काहीच नव्हतं. आमच्या पायांखाली भाजलेली लाल जमीन, समोर राई, आणि मध्ये अंगणाएवढा रुंद काळ्या मातीचा पट्टा, पाचोळ्यानं झाकलेला, अगदी शांत. पलीकडून, काकींच्या परसदारातून, एक पायवाट त्या पट्ट्यावर उतरत होती. डाव्या हाताला ओहोळ होता, आणि ओहोळाकडून कातळाची एक जीभ पट्ट्यात आत शिरली होती. सगळं रोजच्यासारखं होतं. फक्त एक रानजायफळाचं झाड किंचित कलतं झालं होतं, आणि त्याच्या खाली हिरवी पानं पडली होती. पिकून गळलेली नव्हेत. हिरवी.

बावतीसनं बांबू घेऊन पट्ट्यावर टेकवला. दाबला नाही, नुसता टेकवला. तो आपल्याच वजनानं आत गेला, मऊ भातात चमचा जावा तसा. त्यानं ओढून काढला तेव्हा टोक काळं पडलं होतं आणि त्यातून धुराची एक बारीक रेघ निघत होती.

"सायबा," बावतीस हळूच म्हणाला. "खाली काय नाय. नुसती राख असा."

वरची पाचोळ्याची आणि मुळांची साय तेवढी शिल्लक होती. तिच्याखालची माती आतल्या आत जळून पोकळ झाली होती, आणि कुठवर झाली होती हे वरून कळायला मार्ग नव्हता.

तेवढ्यात मला घुंगरं ऐकू आली.

एक पिल्लू परसदारातून पायवाटेनं टणाटण खाली आलं आणि पट्ट्यावर धावलं. त्याच्या मागे मनवा. दोन्ही हात पुढे, डोकं शरीराच्या आधी, नेहमीसारखी पडेल-पडेल अशी, पण पडत नव्हती. काकी नंतर सांगत होत्या की त्या हातातली सूपभर कोकमं आत ठेवायला वळल्या, एवढंच. तेवढंच पुरतं.

"मनू," असं माझ्या तोंडून निघालं असेल, मला ठाऊक नाही. बावतीस माझ्या आधी धावला होता. तीन-चार ढांगा गेला असेल. मग त्याचा उजवा पाय नडगीपर्यंत आत गेला आणि राखेचा करडा लोट उठला. तो ओरडला नाही. त्यानं दात असे आवळले की मला त्यांचा आवाज आला. काकांनी त्याला बखोटीला धरून मागे खेचलं. पायजम्याचा काठ धुमसत होता.

मनवा थांबली. तिनं बावतीसकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खालचा ओठ पुढे आला.

ती पट्ट्याच्या मधोमध होती. तिचं वजन ते किती. साय तिला पेलत होती. मला पेलणार नव्हती, काकांनाही नाही. आणि तिच्या मागे, ती आत्ताच जिथून आली होती तिथला पाचोळा, कुणीही पाय न ठेवता, हळूच खाली बसला. एखादं माणूस झोपेत श्वास सोडतं तसा.

म्हणजे मागची वाट गेली.

ओठ पुढे आला की तिच्या दोनच तऱ्हा होत्या. एक तर ती जागच्या जागी बसकण मारायची. नाहीतर दोन्ही हात वर करून सरळ माझ्याकडे धावत यायची. आणि तिच्या-माझ्यामधली सरळ रेघ कशावरून जाते ते मला माहीत होतं. तिथली लाल चिंधीची काठी मीच रोवली होती. त्या काठीला नळी संपली होती आणि कातळ लागला नव्हता. पूर्ण पट्ट्यात ती जागा सगळ्यात खोल. उलट डावीकडे, कातळाच्या जिभेपाशी, नळी वीतभर जाऊन ठणकन दगडावर आपटायची. त्या दिवशी बावतीस वैतागून म्हणाला होता, "हयसर काय माती नाय, ताई, फुकट टोचतास." तिथे जळायला काही नव्हतं.

सगळ्या राईची खोली मला पाठ होती. मी ती पाठ करताना माझ्या मनात टन होते, टक्के होते. त्यावरून माझं मूल चालेल असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

हात पसरायचे नाहीत. एवढं एकच मी स्वतःला सांगितलं. हात पसरले तर ती सरळ येईल.

मी हसले.

"अगंबाई," मी म्हणाले, "मनू आली? पिल्लू आणलंस आईला?"

तिचा ओठ तसाच राहिला, पुढेही नाही, मागेही नाही.

परसदारात काकी आल्या. त्यांनी पाहिलं आणि लुगड्याचा काष्टा सावरत उतरायला लागल्या.

"काकी, तिथेच थांबा." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, अंगाई म्हणताना लागतो तसा. "उतरू नका. हाक मारू नका. ती आत्ता फक्त मला बघू दे."

काकी थांबल्या. पदराचा बोळा त्यांनी तोंडात घातला. त्या बाईला गप्प उभं राहिलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

काका माझ्यामागून कुजबुजले, "मी कवाडाची फळी हाडतंय. तवसर धीर धर." ते गेले. फळी येईपर्यंत ती तिथे उभी राहील, याची मला आशा नव्हती. पिल्लू पट्ट्यावर पुढे पुढे, त्या खोल काठीकडे चाललं होतं.

मग मी माझ्या मुलीपासून लांब चालायला लागले.

पट्ट्याच्या कडेकडेनं, भाजलेल्या जमिनीवरून, ओहोळाच्या दिशेनं. प्रत्येक पावलाला ती मला आणखी लहान दिसायला लागली. "आई चालली," मी गाण्यासारखं म्हणत होते, "आई चालली पाणी बघायला. मनूला पाणी बघायचंय?" मान तिच्याकडे, पाय दुसरीकडे. हसू तसंच. गाल दुखायला लागले होते.

ती वळली. पिल्लाकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा. आई आपल्याला सोडून जातेय हे तिला कळलं असावं, आणि आई हसतेय म्हणून तो खेळ आहे असंही. तिनं पाऊल उचललं. डावीकडे.

मी कातळावर पोचले. जीभ जिथवर आत गेली होती तिथवर, टोकापर्यंत गेले आणि उकिडवी बसले. तिथे रोवलेली काठी उपटली आणि लाल चिंधी हलवायला लागले. "हे बघ काय. हे कुणाला हवंय?"

छुम, छुम. ती येत होती. मध्येच थांबली आणि बसली.

बसली आणि पाचोळ्यातलं एक पान उचलून मला दाखवलं. "पा," ती म्हणाली.

"पान," मी म्हणाले. "छान पान. आईला दे."

तिनं पान टाकून दिलं आणि जिथून ते उचललं होतं तिथे तळहात टेकवला. लगेच उचलला. माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे मोठे झाले, आणि मग तिचा चेहरा उजळला, कारण तिला एक शब्द आठवला होता. चहाचा कप, चूल, इस्त्री, सगळ्यांसाठी मी तिला शिकवलेला.

"हाऽ," ती म्हणाली. जमिनीकडे बोट दाखवून पुन्हा म्हणाली, "हाऽ."

"हो," मी म्हणाले. "हाऽ आहे. शहाणी माझी. चटका बसतो ना? मग ऊठ बघू. ऊठ, चिंधी घे."

उठायला तिला नेहमी वेळ लागायचा. आधी दोन्ही हात जमिनीला टेकवायचे, मग बूड वर, मग सगळं. ती हात टेकवणार नाही असं व्हायला हवं होतं, आणि ती उठायलाही हवी होती. मी तिच्याकडे बघत होते आणि तिच्या टाचेजवळ पाचोळ्यातून धुराचा एक केस वर येताना मला दिसत होता. मी हसत होते. देव, मॅडम, नवरा, कुणीही मला आठवलं नाही. माझ्या अंगात जे काही होतं ते सगळं त्या वेळी माझ्या तोंडावर गोळा झालं होतं, ते हसू पडू नये म्हणून.

तिनं हात टेकवले. "हाऽ," करत उचलले. पुन्हा टेकवले, आणि उठली.

मग ती आली. पाच-सहा पावलं, वाटेत एकदा डगमगून. तिची बोटं चिंधीला लागली तेव्हाही मी झडप घातली नाही. तिचा दुसरा पाय कातळावर आलेला मी पाहिला, दगडावर वाळ्याचा टिक असा आवाज झाला तो ऐकला, आणि मग तिला उचललं.

तिचे तळवे ऊनऊन होते, ताप असल्यासारखे. लाल झाले होते, फोड नव्हते. ती रडली नाही. माझ्या खांद्यावरून ती पिल्लाला शोधत होती. ते तुरुतुरु चालत कधीचंच काकींच्या पायाशी पोचलं होतं.

काका फळी घेऊन आले तेव्हा आम्ही ओहोळात बसलो होतो. बावतीसचा पाय पाण्यात होता, घोट्याच्या वर कातडी सुटली होती, आणि तो मनवाला डोळे मिचकावून दाखवत होता. काकी वरून वळसा घालून धापा टाकत आल्या. त्यांनी मनवाला माझ्याकडून घेतलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग आपला ओला पदर माझ्या गालांवरून ओढला.

"पुरे गो बाय," त्या म्हणाल्या. "पोर हाती लागला. आता हसू नको."

मला ते बंद करता येत नव्हतं.

बावतीसला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. त्याच दुपारी भिकाजीकाकांनी देवाला गाऱ्हाणं घातलं आणि कौलाची वाट न बघता पोफळीच्या बागेचा पाट स्वतःच्या हातानं फोडला. बाग त्यांच्या चुलतभावाची. भाऊ तावातावानं भांडायला आला, काळा पट्टा पाणी पिताना कसा फुत्कारतोय ते ऐकलं, आणि फावडं घेऊन काकांशेजारी उभा राहिला. तरी एका बाजूनं ती आग जमिनीच्या आत सरकत राहिली. पाऊस लागेपर्यंत ती पुरती विझली नाही.

मॅडमचा फोन मी फणसाखाली घेतला. त्यांनी आधी मनवाचं विचारलं, बराच वेळ विचारलं. मग म्हणाल्या, "ऋजुता, किती गेलं असेल?"

"पट्टा निम्मा," मी म्हणाले. "शेकडो वर्षांचं, मॅडम. एका महिन्यात."

"पाणी उतरलं की असं होतं," त्या म्हणाल्या.

मनवाला त्यातलं काहीच आठवत नाही. कसं आठवणार. तिला मी ते सांगितलंही नव्हतं. माणसं मुलांना काय काय सांगत नाहीत, त्यातलंच हे एक.

गेल्या वर्षी काकींच्या नातीचं लग्न होतं, म्हणून आम्ही हुमरखोलला गेलो. मनवा आता माझ्या खांद्याला लागते. मांडवात बसल्या बसल्या काकींनी तिला सगळी गोष्ट रंगवून सांगितली, धुरासकट, पिल्लासकट, माझ्या हसण्यासकट. "तुझी आवस तकडे चालता, आणि तू तिच्या मागसून, बदकासारखी." मनवा पोट धरून हसली. मग म्हणाली, आई, मला दाखव.

आम्ही दोघी खाली गेलो. जळालेला पट्टा खचून तिथे आता खळगी झाली आहे, कमरेएवढी. तिच्यात पाणी साचतं, नेचे वाढलेत; कडेला काळी माती अजून आहे, पाचोळ्यानं झाकलेली. मार्च होता. पाणी पुष्कळ उतरलेलं होतं. मी कातळावर उभी राहून बघत होते, आणि मनवा बोलता बोलता टुणकन खाली उतरली, त्या पाचोळ्यावर. चार पावलं गेलीसुद्धा.

तिथे काही नव्हतं. वास नव्हता, धूर नव्हता. मला ते माहीत होतं.

"मनू," मी अगदी सहज म्हणाले, "ये गं वर. चहा थांबलाय आपला."

ती जागच्या जागी थांबली. उचललेला पाय तिनं तसाच अधांतरी धरला, आणि मान वळवून माझ्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ.

"आई, तू हसतेयस," ती म्हणाली. "पाय कुठे ठेवू?"